मुराळी

रेवाबाईने पदर सारखा केला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि ओट्यावरून हाक मारली, "आत्याबाई, दयन दयी लिनं. पानी भरी लिनं. आते जाऊ का? मन्हा भाऊ येवामा शे."

आत्याबाई म्हणजे सासू, आणि सासू म्हणजे कमलीबाई. धर्मशाळेच्या मागे निराधार म्हाताऱ्यांसाठी काढलेल्या घरात ती सगळ्यांचं न्हाणं-खाणं करायची. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली, वयाने रेवाबाईच्या लेकीहूनही लहान. पण रेवाबाईला हे घर तिचं सासर वाटायचं. सासुरवाशिणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जातात. त्यासाठी भाऊ मुराळी म्हणून न्यायला यावा लागतो आणि सासूने 'जा' म्हणावं लागतं. आखाजी उद्या होती. रेवाबाईची मात्र ती बारा महिने चालू असायची.

"गाडीना बैल लंगडी ऱ्हायना म्हने," कमलीबाई भांडी घासता घासता म्हणाली. "सकाय येई तुन्हा भाऊ."

"कालदिन बी लंगडाच व्हता. बैल शे का सोंग शे?"

आतल्या म्हाताऱ्या हसल्या. कमलीबाईही हसली. मग रेवाबाई भिंतीकडे तोंड करून जे पुटपुटली, ते ऐकून कमलीबाईने पुढचं भांडं ओढून जोरात घासायला घेतलं. एरवी सुना मनातच ठेवतात ते रेवाबाई आता तोंडाने बोलायची. न्हाऊ घालताना ओरबाडायचीही. कमलीबाईच्या मनगटावर जुन्या खुणांवर नव्या खुणा होत्या.

दुपारच्या गाडीने गोजर नवापूरहून आली. रेवाबाईची एकुलती एक लेक. ती ओट्यावर आईच्या शेजारी बसली आणि फडक्यातली सांजोरी काढून तिच्या हातात दिली.

रेवाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू कोनी सून वं? तुले बी कोनी लेवाले उनं ना का?"

गोजरने मान हलवली. नाही, तिला न्यायला कोणी आलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे. येतीन." रेवाबाईने सांजोरी मोडली, अर्धी तिला दिली आणि अर्धी गाठोड्यात ठेवली. "ही मन्हा भाऊले. ब्राह्मणपुरीथून उपाशी ई बिचारा."

ब्राह्मणपुरी रेवाबाईचं माहेर. तो भाऊ, भाईदास, प्लेगात गेला होता. तेव्हा गोजर पाळण्यात होती.

निघताना कमलीबाईने गोजरला दारात गाठलं. "ताई, एक डाव तुम्ही सांगा ना तिले. सकाय मी लेवाले येसू, असं म्हना. मन्हं काही खरं वाटत ना तिले. सासूनं कोनले खरं वाटस?"

"बाईमाणूस कधी मुराळी व्हस का, कमलीबाई?"

"मंग मी तरी तिन्ही सासू शे का?"

गोजरने पायरीकडे पाहिलं. धड होती तोवर आईने लेकीच्या दारचं पाणी घेतलं नव्हतं. नवापूरला आली तरी तहान घेऊन परत जायची. आणि आता गोजरने आईला घरी आणायचं म्हटलं की सासरची माणसं ताटावरून उठत. "खरंच नेता येवाव ना," ती म्हणाली. "खोटं कशी बोलू?"

"हां," कमलीबाई म्हणाली. "खोटं बोलाले आम्ही शेतस."

परतीची गाडी चुकेल म्हणून गोजर भरभर चालत गेली. मागे पहारेकरी आमशा उद्याच्या सणासाठी निंबाला झोका बांधत होता. रेवाबाई दोर कसा बांधावा ते त्याला ओट्यावरून सांगत होती. तो तिला हो हो म्हणत होता.

आखाजीच्या सकाळी कमलीबाई चहा घेऊन गेली तेव्हा रेवाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली होती. गाठोडं मांडीवर होतं, त्याची गाठ मुठीत. चहा गार झाला तरी तिने हात पुढे केला नाही.

निरोप मिळून गोजर आली तोवर ऊन चढलं होतं. कमलीबाईने रेवाबाईला न्हाऊ घातलं होतं. या खेपेला तिला कोणी ओरबाडलं नव्हतं. सणामुळे दुकानं बंद होती, म्हणून आमशाने झोका सोडून त्याच दोराने तिरडी बांधली होती. मुठीतलं गाठोडं मात्र कोणाला काढता आलं नव्हतं.

गल्लीतले चौघं वाकले. त्यांतला म्हातारा नथ्थू म्हणाला, "चाल कमलीबाई, सर बाजूले. उशीर व्हई ऱ्हायना."

कमलीबाई सरली नाही. तिने तिरडीचा बांबू धरून ठेवला होता.

"सोड तिले आते."

"मी कशी सोडू?" कमलीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "रोज ना म्हनी म्हनी ठेयेल शे मी तिले. मी सासू शे तिन्ही. पहिले इचारा, कोनी लेवाले उनं का तिले? कोनीच उनं ना, तं मी कोनासंगे धाडू?"

"येडी व्हयनी का तू?" नथ्थू म्हणाला. बाकीचे तिघं एकमेकांकडे पाहू लागले. कमलीबाईने बांबू सोडला नाही.

गोजर दारातून पुढे आली. पुरुषांमधून वाट काढत तिरडीपाशी गेली आणि खाली बसली. तिने आईच्या मुठीवर हात ठेवला.

"मी उनू," ती मोठ्याने म्हणाली. "माय, मी तुले लेवाले उनू. चाल, मन्हा घर."