करपलेली फीत

"साहेब, चौघंही बाहेर आलेत. करू चालू?" रंगाच्या टाकीतली घुसळणी फिरवणाऱ्या स्विचवर फोरमनचं बोट टेकलंच होतं.

"हात काढ! अजून एक फीत आहे!" निंबाळकर गरजले. टाकीत उतरताना प्रत्येकानं आपली लाल फीत स्विचला बांधायची, बाहेर आल्यावर सोडायची, हा नियम त्यांचाच. स्विचला अजून एक फीत लोंबत होती, काळपट, करपलेली.

निंबाळकर पूर्वी लढाऊ विमानं उडवायचे. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या जमिनीवर पिनांनी जखडलेल्या असतात; उड्डाणाआधी मेकॅनिक त्या पिना काढून त्यांना बांधलेल्या लाल फिती वैमानिकाला दाखवतो. एकदा घाईत त्यांनी फिती न बघताच अंगठा वर केला. मागच्या खुर्चीची पिन तशीच राहिली. विमान पेटलं तेव्हा ते सुटले, मागे बसलेला कुरियन आतच जळाला. त्यानंतरच वर्दी उतरवून ते कामगारांच्या सुरक्षेचे शास्त्रज्ञ झाले.

"कसली फीत, साहेब? स्विच तर मोकळाय!"

"आधी टाकीत बघ."

आत पाचवा गडी सापडला, वाफेनं बेशुद्ध, पण जिवंत. फीत न बांधताच उतरला होता शहाणा!

निंबाळकर स्विचपाशी वाकून पुटपुटले, "या वेळी बघितली रे, कुरियन."

फीत हलली, पण सुटली काही नाही.