हजारातले दोन

हौसाच्या फुप्फुसात गाठ पसरल्याचं तालुक्याच्या दवाखान्यात कळलं, त्या दिवशी सकाळीही गावच्या यंत्राने तिला 'ठणठणीत' म्हटलं होतं. तीन वर्षं दर सोमवारी ती चावडीवर जाऊन श्वास तपासणाऱ्या त्या यंत्राच्या नळीत फुंकत होती. खोकला वाढला तेव्हा ती म्हणालीही होती, "एकदा डॉक्टरला दाखवूया का?" तिचा नवरा केरबाच तिच्यावर खेकसला होता, "यंत्रापेक्षा शहाणी झालीस व्हय?"

तिचं तेरावं उरकलं. पुढच्या सोमवारी केरबाने आपल्या सायकलच्या दुकानातला पंप चावडीवर नेला आणि त्याची हवा नळीत सोडली. यंत्र म्हणालं, "ठणठणीत."

यंत्र बसवणाऱ्या कंपनीच्या तांबवेकर मॅडम तिथेच होत्या. त्यांची मान खाली गेली.

"काका, शिकवताना याला हजार माणसांचे श्वास दिले, त्यात आजारी दोनच. सगळ्यांना ठणठणीत म्हटलं तरी दोनदाच चुकतं, एवढंच ते शिकलं. नऊशे अठ्ठ्याण्णव बरोबर आले म्हणून आम्हीही खूश झालो."

"आणि तुमच्या भरवशावर मी तिला गप्प बसवलं," केरबा म्हणाला. "बाई, आमच्या गावात माणसं किती?"

"हजारच, काका."

बाहेर रांगेत माणसं गप्पा मारत आपापल्या पाळीची वाट बघत होती. त्यांच्यातलं दुसरं माणूस कोण, हे शोधायचं अजून राहिलं होतं.