मूळ निबंध

आरोग्य विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या, मूळ निबंध शोधून वाचायला शिकवणाऱ्या संशोधन कार्यशाळेला त्या दिवशी एकटी डॉ. फिरदौस मुलाणी आली. जगातल्या सगळ्या शोधनिबंधांचं सार यंत्र क्षणात सांगायचं, त्यामुळे मूळ निबंध कुणी उघडतच नसे.

"मॅडम, हे औषध तान्ह्या बाळांना चालतं, असं यंत्र म्हणतं. उद्यापासून वॉर्डात सुरू करायचंय. माझं मन घेत नाही."

ग्रंथपाल सातपुतेबाई तिच्याजवळ बसल्या. दोन तासांनी मूळ निबंध सापडला. प्रयोगातलं सर्वांत लहान मूल बारा वर्षांचं होतं.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. निबंध घेऊन त्या फिरदौससह तडक डीनकडे गेल्या.

"यंत्राने लाखो निबंध वाचलेत," डीन म्हणाले.

"पण हे ज्यावरून सांगितलं, त्या निबंधात एकही बाळ नाही, सर," बाई म्हणाल्या. " हा तुम्हीच वाचा."

"एवढं वाचायची सवय राहिली नाही आता. आणि ती कार्यशाळा बंद करा. येतं कोण तिथे?"

फिरदौसने त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'माझ्या सहीने हे औषध एकाही बाळाला मिळणार नाही.'

सोमवारी सातपुतेबाईंनी कार्यशाळा वॉर्डातच भरवली. अकरा डॉक्टर आले, आणि आपापली बाळं कडेवर घेतलेल्या सतरा आया.