टीव्हीतला गोरख

चिमाबाईनं तवा आदळला आणि नवऱ्याकडं पाठ फिरवली. आज ती चांगदेवला वाढणार नव्हती. राहू दे उपाशी! रागानं तिच्या अंगाची नुसती लाही लाही होत होती.

रागाला कारणही तसंच होतं. बिबट्या पकडणाऱ्या पथकाचं वायरलेसवरचं बोलणं राजुरीच्या टेकडीवरच्या रिपीटरमधून जायचं. लांबचं बोलणं झेलायचं आणि जोर लावून पुढं धाडायचं, हे त्या यंत्राचं काम. पण ते आपल्या लहरीबरोबर तिच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीची एक आगाऊ लहरही सोडायचं, आणि ती नेमकी टीव्हीच्या चॅनेलवर येऊन बसायची. मालिका ऐन रंगात आली की पडद्यावर पट्टे, आणि आतून कुणीतरी बोलायचं, "महाळुंगे पडवळला पिंजरा लावला. ओव्हर."

गाव शिव्या घालायचं. तक्रार करायला मात्र कुणी उठत नव्हतं. चिमाबाई तेवढी पदर डोळ्याला लावून ऐकायची. तो आवाज त्या पथकातल्या तिच्या लेकाचा, गोरखचा होता. त्याच्या लग्नावरनं बापलेकांत वाजलं, चांगदेवनं पोराला घराबाहेर काढलं, तेव्हापासून तो राजुरीकडं फिरकला नव्हता. लेकाचा एवढा आवाजच काय तो तिला उरला होता.

आणि आज तो बंद करायला पुण्याहून मेकॅनिक आला होता.

"तक्रार तुमीच केली ना?" तिनं विचारलं.

चांगदेव भाकरीच्या टोपलीकडं बघत राहिला. "तसं समज."

"काळीज हाय का धोंडा? पोराला काढलं, आता त्याचा आवाजबी काढा!"

त्यानं पायताण चढवलं आणि मळ्याकडं निघून गेला. चिमाबाई तरातरा टेकडी चढली. वर रविंद्र मेकॅनिक रिपीटर आणि अँटेनाच्या मध्ये एक चपटा डबा जोडत होता.

"ह्यो काय हाय?"

"फिल्टर, मावशी. चाळणच म्हणा. कामाची लहर जाऊ देतो, आगाऊ लहर अडवतो. आता टीव्ही बघा कसा लख्ख दिसतोय."

"चुलीत गेला तुमचा टीव्ही! काढ तो डबा. आमच्या मालकाची तक्रार मी मागं घेते. पोराचा आवाज सोसत न्हाई त्याला, म्हणून ही सगळी थेरं!"

रविंद्रनं हातातला पाना खाली ठेवला.

"चांगदेवबाबांची तक्रार नाही, मावशी. फिल्टर बसवू नका म्हणून ते तर ऑफिसात येऊन साहेबांच्या पाया पडले."

"मंग कुणी केली?"

"गोरखनं. तुम्ही रोज टीव्हीपुढं बसून असता, हे त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणाला, त्या घरात माझा आवाजसुद्धा जायला नको."