'माळरान'मधलं कोकरू

त्रिंबकने कमरेवर हात ठेवून मेंढ्याच्या पोटाखाली वाकून पाहिले. कोकरू तिथे नव्हते.

मेंढा होता, प्लास्टरचा, शिंगांचा रंग उडालेला. हिरवळीवर बाकीचा कळपही होता. खोटी विहीर होती, पिवळे फेटे बांधलेले वेटर होते, खुर्चीखुर्चीवर घोंगडीचे तुकडे होते. शहरातल्या माणसांना खेडे दाखवायचे आणि खेड्यात कुणी जन्मात खाल्ले नाही असले पनीर वाढायचे, हा पडेगावच्या 'माळरान' हॉटेलचा धंदा त्याच्या तरुणपणापासून तसाच चालू होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने वच्छलाला इथे आणले होते. ती मेंढरांमागे वाढलेली. मुकुंदवाडीच्या एका खोलीत आल्यापासून तोंड मिटून असायची. तिला बरे वाटावे म्हणून तो घेऊन आला, तर तिने चौफेर नजर फिरवली आणि म्हणाली, "पैसे देऊन परत मेंढरातच बसायचं व्हय?" आणि खळखळून हसली. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच.

मग तिला ते कोकरू दिसले. कुण्या शहाण्या मूर्तिकाराने ते चक्क मेंढ्याच्या पोटाला दूध प्यायला लावले होते. वच्छलाने ते पोकळ कोकरू काखेत उचलले आणि कडेच्या एका मेंढीजवळ नेऊन ठेवले. लोक बघत होते, तिला त्याचे काही नव्हते. "आई मेलेलं कोकरू लेकरू गेलेल्या मेंढीशेजारी बांधायचं असतं," ती म्हणाली. "एकलं अन् एकलं जवळ आलं की दोघं बी जगत्यात." त्रिंबकही धनगराचाच. पण कंपनीत लागल्यापासून तो हे विसरूनच गेला होता.

पुढच्या वर्षी आले तर कोकरू पुन्हा मेंढ्याखाली. बहुतेक गवत कापणाऱ्याने ठेवले असणार. वच्छलाने पुन्हा उचलले. असे दोन-चार वर्षे चालले. मग दिपाली झाली, तिच्या शाळा, तिचे लग्न, आणि 'माळरान' मागे पडले.

दिवाळीच्या आधी वच्छला गेली. दिपाली पुण्याला. घरात आता कुणी बोलत नाही, म्हणून त्रिंबक टीव्ही लावतो आणि त्याच्याकडे पाठ करून जेवतो. दवाखान्यात वच्छलाने एकच गोष्ट सांगितली होती. "एकदा जाऊन कोकरू बघून या. मेंढ्याखाली असंल तर हलवा." तापात बोलतेय, असे त्याला वाटले होते. काल रात्री जेवताना ते आठवले आणि आज तो इथे आला.

आणि आता कोकरूच नव्हते. कडेच्या मेंढीजवळही नव्हते. त्याने विहिरीमागे पाहिले, तुळशीच्या कुंडीआड पाहिले. बायकोने एवढे एक काम सांगितले आणि आपण तेही वेळेवर केले नाही. त्याला रडू येऊ लागले. तो फाटकाकडे वळला.

"पाव्हणं, जेवल्याबिगर कुठं निघालात?" मागून आवाज आला. फेटेवाल्या वेटरांत सगळ्यात म्हातारा होता तो, कडूबा.

"इथं एक कोकरू होतं," त्रिंबक म्हणाला.

"हाय की. या."

कडूबा त्याला स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाशी घेऊन गेला. तिथे धूर येतो, म्हणून ते टेबल कुणी मागत नाही. टेबलाला एकच खुर्ची होती. खुर्चीशेजारी कोकरू उभे होते. त्याला पांढरा रंग दिला होता. गळ्यात दावे होते आणि ते खुर्चीच्या पायाला बांधलेले होते.

"मागच्या पावसाळ्यात बाई आल्या होत्या, लेकीचा हात धरून," कडूबा म्हणाला. "चालवत नव्हतं त्यांना. म्हणल्या, आल्या आल्या मेंढ्याखाली वाकून बघंल तो माणूस म्हंजी आमचे मालक. त्यांना ह्या खुर्चीवर बसवा. हे दावं बी त्यांनीच बांधलं."

त्रिंबक बसला. बराच वेळ तो कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"पण ह्याला मेंढीपाशी बांधायचं असतं," शेवटी तो म्हणाला.

"म्या बी तेच म्हणलो," कडूबा म्हणाला. "तर बाई म्हणल्या, मेंढीला कळप हाय."