तिसरी फेरी

ट्रॅप कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर, रात्रीच्या चित्रणात, बिबट्याची मादी दिसली आणि केळीच्या बागेत जमलेल्या सगळ्यांचे श्वास अडकले. सपनाचा तर कालपासूनच अडकला होता.

वनरक्षक मोतीलालभाऊंनी पडदा मुद्दाम तिच्यासमोर धरला. मान तिचाच होता. काल घड कापणारे मजूर पिल्लं बघून दांडकी घेऊन धावले, तेव्हा नववीतली ही पोरगी शाळेच्या गणवेशात आडवी उभी राहिली होती. फोनही तिनंच लावला. मग सांजेला भाऊंनी पिल्लं एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेट ती सापडली त्याच जागी मांडलं, समोर कॅमेरा बांधला आणि गर्दीला घरी पिटाळलं. आई येते, आपलं आपण घेऊन जाते, माणसानं फक्त मधे कडमडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

पडद्यावर मादीनं एक पिल्लू मानेला धरून उचललं. थोड्या वेळानं येऊन दुसरं नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्काबाईनं, म्हणजे सपनाच्या आजीनं, नातीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आज शाळेत परिपाठाला तिचा सत्कार होता. बाईंनी तिला भाषण तयार ठेवायला सांगितलं होतं, आणि तिनं ते ठेवलंही होतं, झकास.

सपना हसली. हसायलाच हवं होतं.

पिल्लं तीन होती. मजूर यायच्या आधी ती तिलाच दिसली होती. एक तिनं पटकन दप्तरात घातलं, कंपासपेटीच्या बाजूला. वर्गातल्या नाजमीनला दाखवायचं आणि मधल्या सुट्टीत परत ठेवायचं, एवढंच. तेवढ्यात दांडकी आली. ती आडवी उभी राहिली तेव्हाही दप्तर पाठीवरच होतं, आतून तिच्या पाठीला नखं टोचत होती. पुढे सगळं गाव गोळा झालं, जो तो शाबासकी द्यायला लागला, आणि भाऊंनी पिल्लं किती होती विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं, दोन.

आता ते तिसरं घरी माळ्यावर, जुन्या टोपलीत होतं. दुधाला तोंड लावत नव्हतं. ओरडायला लागलं की ती मोबाइलवर गाणी लावायची.

"थांबा, अजून आहे," मोतीलालभाऊ म्हणाले.

मादी पुन्हा आली होती. तिनं रिकाम्या क्रेटमध्ये तोंड घातलं. पंज्यानं ते आडवं पाडलं, मागून हुंगलं, पुढून हुंगलं. मग शेजारीच बसली.

"काय धुंडून ऱ्हायली व माय ती?" आक्काबाईनं विचारलं.

"गणितात कच्ची दिसते," भाऊ म्हणाले. "दोन्ही नेली, तरी हिशेब लागेना बाईचा."

सगळे हसले. पडद्यावर उजाडत आलं, तरी मादी बसलेलीच होती.

भाऊंनी कॅमेरा सोडवून पिशवीत घातला. गाडीत टाकायला आडवं पडलेलं क्रेट उचलायला वाकले, तर सपनानं त्यावर दोन्ही हात ठेवले.

"राहू द्या ते, भाऊ," ती म्हणाली. "मी घरी जाऊन येते."