सुरी पोचेल तिथवर

कांदे झाले, मिरच्या झाल्या, आता मुन्जी टोमॅटो चिरत होता आणि नझीहाचा जीव टांगणीला लागला होता.

"हात चांगला आहे," शाझलीकाका म्हणाले. स्फाक्स शहराच्या बंदराजवळ त्यांची खाणावळ होती आणि आचारी त्यांना आजच्या आज हवा होता. "कुठे शिकलास?"

"मोठ्या स्वयंपाकघरात," नझीहाच मध्ये बोलली. "सरकारी. रोज बाराशे माणसांचं."

"हॉस्पिटल?"

ती नुसती हसली. सुटून आलेल्या कैद्यांना कामाला लावणं हीच तिची नोकरी, आणि मुन्जीबद्दल खरं सांगून तिने आधीच तीन दारं बंद करून घेतली होती. आजही नाही जमलं तर तो पुन्हा त्याच चुलतभावाच्या गाडीत बसणार होता, ज्याच्या पायी पाच वर्षं आत गेला. सकाळी त्यानेच तसं सांगितलं होतं, धमकी म्हणून नव्हे, कंटाळून. आठवडाभर तिने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं: मान वर, हात खिशाबाहेर, विचारलं तेवढंच बोल.

"बरं, दाराजवळ हुकाला अर्धी मेंढी टांगलीय," काका म्हणाले. "तिची मांडी काढून दे."

मुन्जीने सुरी कट्ट्यावर ठेवली. दाराशी गेला, मेंढी हुकावरून उतरवली, खांद्यावर घेतली आणि धापा टाकत कट्ट्यापर्यंत आणली. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर रक्ताचे थेंब पडत आले.

"अरे बाबा! सुरी तिकडे न्यायची की मेंढी इकडे आणायची?"

आपलं काय चुकलं तेच मुन्जीला कळेना.

नझीहाला मात्र कळलं. टोमॅटोसुद्धा तो सुरीकडे सरकवत होता. सुरी जागची हललीच नव्हती. एवढं सगळं शिकवलं आणि हे आपल्या ध्यानात येऊ नये! तिला स्वतःचाच संताप आला.

शाझलीकाकांनी स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं.

"साखळी होती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काका, त्याचं असं आहे..." नझीहाने सुरुवात केली.

"तुम्ही थांबा, ताई. त्याला बोलू दे."

"होती," मुन्जी म्हणाला. "तुरुंगात सुऱ्या कट्ट्याला बांधलेल्या असतात. हातभर साखळी. पाच वर्षं मी..." त्याची मान खाली गेली. "जातो मी, काका. मेंढी तेवढी परत टांगून जातो."

"मेंढी राहू दे. सुरी घे आणि त्या दारापर्यंत जा."

मुन्जीने नझीहाकडे पाहिलं. मग त्याने सुरी उचलली. एक पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला त्याचा दंड आखडला आणि तो धडधाकट माणूस घामाघूम होऊन जागच्या जागी उभा राहिला.

"सावकाश," शाझलीकाका म्हणाले. "सुरी हातात घेऊन त्या दारापर्यंत पोचायला मला महिना लागला होता."